बायकांची वेटलिफ्टिंगची मॅच नीट कशी बघायची: एक कागद, एक पेन आणि रंगीत प्लेट्स

ऑलिम्पिक आलं की सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतो, मीराबाई चानूची मॅच किती वाजता आहे, आणि मॅच सुरू झाली की अर्ध्या तासात तेच लोक विचारायला लागतात की आता काय झालं, ती परत का आली, ही दुसरी मधेच कुठून आली, आपण नक्की कितव्या नंबरवर आहोत. कारण कोणीतरी वजन उचलतंय एवढंच दिसतं आणि हा आकड्यांचा खेळ आहे हे कोणी सांगतच नाही. पेपरमध्ये मीराबाईच्या लाकडाच्या मोळ्यांची गोष्ट दरवेळी येते, ती खरी आहे आणि मोठी आहे, पण टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिने ८७ किलोनंतर ८९ का मागितले यावर एक ओळ येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, म्हणजे पुढच्या वेळी तुम्ही स्वतः हिशोब मांडून बघाल.

सगळ्यात आधी वेळ बघून ठेवा, आणि ती भारतीय वेळेतच लिहून ठेवा. टोकियोला ४९ किलोचा गट २४ जुलै २०२१ ला होता, आपल्याकडे शनिवारची सकाळ, चहा-नाश्ता करत बघता आला. पॅरिसला तोच गट ७ ऑगस्ट २०२४ ला आपल्या रात्री अकराला सुरू झाला आणि संपेपर्यंत तारीख बदलली होती. वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये अजून एक भानगड असते, खेळाडू जास्त असले की एकाच वजनगटाचे ए, बी, सी असे ग्रुप करतात, आणि ज्यांनी नाव देताना मोठा टोटल, म्हणजे दोन्ही प्रकारांतल्या वजनांची मोठी बेरीज, लिहिलाय त्या ए ग्रुपमध्ये असतात. मेडलची लढाई बहुतेक वेळा ए ग्रुपमध्येच होते, त्यामुळे फक्त गटाचं नाव बघून बसू नका, चुकून बी ग्रुप बघत बसाल आणि आपली मुलगी दिसेचना म्हणून वैतागाल.

मॅचच्या दोन तास आधी वजन होतं, ते तासभर चालतं. ४९ च्या गटात ४९ च्या वर काटा गेला की खेळ संपला. पॅरिसला मीराबाई ज्या दिवशी खेळली त्याच दिवशी सकाळी कुस्तीत विनेश फोगाट ५० किलोच्या गटात १०० ग्रॅमने बाहेर गेली होती, ते सगळ्यांनाच आठवत असेल. वेटलिफ्टिंगमध्येही तीच तलवार असते, म्हणून यातल्या बऱ्याच जणी आधीचे काही दिवस अगदी मोजून खातात-पितात, आणि वजन झाल्यावर उरलेल्या वेळात पोटात काहीतरी घालून लगेच ताकदीचा खेळ खेळतात. पहिली लिफ्ट बघताना हे डोक्यात असू द्या.

आता कागद. वहीचं पाठकोरं पान चालेल. डावीकडे सात-आठ नावं लिहा, सगळ्यांची नको, पुढे असतील असं वाटतं त्यांचीच. प्रत्येक नावापुढे स्नॅचसाठी (एका झटक्यात डोक्यावर) तीन रकाने, क्लीन अँड जर्कसाठी (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) तीन, आणि शेवटी टोटलचा एक. प्रत्येकीला दोन्ही प्रकारात तीन-तीन प्रयत्न मिळतात, दोन्हीमधला सगळ्यात मोठा यशस्वी आकडा धरून बेरीज करायची, तोच टोटल. ऑलिम्पिकमध्ये मेडल फक्त टोटलला मिळतं, वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये स्नॅचला वेगळं, क्लीन अँड जर्कला वेगळं आणि टोटलला वेगळं. म्हणून वर्ल्डच्या बातम्यांमध्ये एकाच बाईला एकाच दिवशी दोन-तीन मेडल दिसतात, त्यात गोंधळायचं काही नाही. लिफ्ट झाली तर आकड्याभोवती गोल करा, गेली तर आडवी रेघ मारा. आणि कुठल्याही एका प्रकारात तिन्ही प्रयत्न गेले तर टोटलच नाही, नाव यादीत राहतं पण नंबर मिळत नाही. रिओला २०१६ मध्ये मीराबाईचं हेच झालं, ४८ किलोच्या गटात क्लीन अँड जर्कचे तिन्ही प्रयत्न गेले. पुढच्याच वर्षी अॅनाहाइमला ८५ अधिक १०९, म्हणजे १९४ उचलून ती वर्ल्ड चॅम्पियन झाली.

आता प्लेट्सचे रंग, आणि हा भाग खरंच पाठ करा, कारण आपल्यासारखी माणसं मॅच कुठे बघतात तर विरार लोकलमध्ये मोबाईलवर, आवाज बंद करून, नेट मधेमधे जातंय, कोपऱ्यातले आकडे मुंगीएवढे दिसतायत. प्लेट्स मात्र दिसतात. बायकांचा बार १५ किलोचा असतो, पुरुषांचा २० चा, आणि बायकांचा थोडा बारीकही असतो, २५ मिलिमीटर. दोन्ही टोकांना प्लेट्स धरून ठेवायला जे कॉलर लावतात ते अडीच-अडीच किलोचे. म्हणजे प्लेट न लावता २० किलो झाले. पुढे लाल २५ ची, निळी २० ची, पिवळी १५ ची, हिरवी १० ची आणि पांढरी छोटी ५ ची, आणि हे सगळं दोन्ही बाजूंना सारखं. म्हणून एका बाजूला एकच लाल दिसली की ७०. लाल आणि पांढरी ८०. लाल आणि हिरवी ९०. लाल आणि पिवळी १००. लाल आणि निळी ११०. दोन लाल १२०. एवढे सहा आकडे लक्षात ठेवले की हलक्या गटांची जवळजवळ सगळी मॅच त्यातच बसते.

मधले किलो अगदी छोट्या प्लेट्सनी भरतात आणि रंगांचा क्रम तोच, छोटी लाल अडीचची, निळी दोनची, पिवळी दीडची, हिरवी एकची, पांढरी अर्ध्या किलोची. दोन्ही बाजूंच्या मिळून लाल म्हणजे ५, निळी ४, पिवळी ३, हिरवी २, पांढरी १. टोकियोला मीराबाईने ११५ उचलले तेव्हा बारवर एका बाजूला काय असणार, मोठी लाल, मोठी निळी आणि वर एक छोटी लाल. एकदा घरी बसून जुना व्हिडिओ लावा, आकडा हाताने झाका आणि प्लेट्स बघून ओळखा, लहान मुलांना हे फार पटकन येतं. माझ्या आईलाही एका संध्याकाळी आलं आणि आता तीच आम्हाला आधी सांगते की हे नव्वदच्या वर आहे.

कोण कधी येणार याचा नियम सोपा आहे, बारवरचं वजन फक्त चढत जातं, जिने सगळ्यात कमी मागितलंय ती आधी. म्हणून सुरुवातीला ज्या येतात त्या बहुतेक खालच्या नंबरवाल्या, आणि मोठ्या आकड्याने सुरुवात करणारी अर्ध्या मॅचनंतर पहिल्यांदा दिसते. ती का दिसत नाही म्हणून घाबरू नका, ती आत वॉर्मअप करतेय. नाव पुकारलं की एक मिनिट मिळतो. पण मागचाही प्रयत्न तिचाच होता आणि मधे कोणी आलं नाही, तर दोन मिनिटं मिळतात.

आणि इथेच मला सगळ्यात जास्त आवडणारा भाग सुरू होतो, कोचचं टेबल. लिफ्ट यशस्वी झाली की पुढच्या प्रयत्नाला एक किलो आपोआप वाढतो, मग कोच जाऊन खरा आकडा सांगतो, आणि त्यानंतरही त्याला तो आकडा दोनदा बदलता येतो, फक्त आपल्या खेळाडूच्या घड्याळात शेवटचे तीस सेकंद उरायच्या आत. आता विचार करा, आपली मुलगी नुकतीच दमून आत गेलीय आणि पुढचा नंबर परत तिचाच आहे. मधे दुसरी कोणी आली तर हिला अजून थोडा श्वास मिळेल. समोरच्या कोचलाही हे दिसतं, तो आपला आकडा दोन किलोने वाढवतो, म्हणजे त्याची खेळाडू मागे सरकते आणि आपलीला लगेच यावं लागतं. स्क्रीनवर कोणाचा आकडा ११२ चा ११४ झाला की लोकांना वाटतं तिचा आत्मविश्वास वाढला, कधी तसंही असतं, पण कधी कधी ती फक्त समोरच्या खेळाडूची विश्रांती खाण्याची चाल असते. तिकडे आत वॉर्मअपमध्ये कोणीतरी सतत मोजत असतं की आपला नंबर यायला अजून किती लिफ्ट बाकी आहेत, त्याप्रमाणे आतल्या उचली वाटून दिलेल्या असतात, आणि बाहेर तीन जणींनी एकदम आकडे बदलले की आतला सगळा हिशोब परत मांडावा लागतो. म्हणून आकडा बदलला की जुना खोडू नका, त्याच्या बाजूला नवा लिहा. मॅच संपल्यावर त्या खाडाखोडीतून कोण कोणाशी खेळत होतं ते कळतं.

स्नॅच म्हणजे जमिनीवरून एका झटक्यात डोक्यावर. डोळे बारवर ठेवू नका, कोपरावर ठेवा. बार वर आला त्या क्षणी कोपर सरळ पाहिजे, वाकून मग सरळ केलं तर ती लिफ्ट धरत नाहीत. बार पुढच्या बाजूला पडला तर बहुतेक वेळा ओढच कमी पडलेली असते किंवा बार अंगापासून लांब गेलेला असतो. मागे पडला तर ताकद होती पण तोल गेला, अशी खेळाडू पुढच्या प्रयत्नात तेच वजन बऱ्याचदा उचलते. पॅरिसला मीराबाईने ८५ ने सुरुवात केली, मग ८८ गेले, आणि तिसऱ्याला तेच ८८ उचलले. अशा वेळी आकडा न वाढवणं हाही मोठा निर्णय असतो, कारण हातात एकच प्रयत्न उरलाय.

स्नॅच संपली की दहा मिनिटांचा ब्रेक, आणि लोक इथे नेमके उठून जातात. कृपा करून उठू नका, चहा आधीच टाकून ठेवा. या दहा मिनिटांत प्रत्येकीचा चांगला स्नॅच मोठ्या अक्षरात लिहा आणि बाजूला तिने क्लीन अँड जर्कसाठी मागितलेला पहिला आकडा. बेरीज करा. मॅच कुठे जाणार त्याचा पहिला अंदाज इथेच येतो. टोकियोला स्नॅचनंतर चीनची हाउ झिहुई ९४ वर आणि मीराबाई ८७ वर होती, सात किलोचं अंतर, म्हणजे गोल्ड जवळपास हातातून गेलं होतं आणि खरी लढाई मागच्यांना थोपवण्याची होती. मीराबाईने ११० आणि मग ११५ उचलले, टोटल २०२, सिल्व्हर. हाउचा टोटल २१०, आणि इंडोनेशियाची विंडी कॅंटिका १९४ वर तिसरी. शेवटचे ११७ गेले म्हणून घरोघरी लोक अरेरे करत होते, पण कागद समोर असता तर कळलं असतं की ११७ झाले असते तरी टोटल २०४ झाला असता, नंबर दुसराच राहिला असता. आनंदाच्या जागी हळहळ कशाला.

क्लीन अँड जर्क दोन टप्प्यांत असतं, आधी खांद्यावर, मग उभं राहून डोक्यावर. बार खांद्यावर घेऊन बसलेली खेळाडू उभी किती वेगाने राहते ते बघा. तिथे फार झगडावं लागलं तर पाय संपलेले असतात आणि वर ढकलायला काही उरत नाही, तुम्ही आधीच सांगू शकाल की जर्क अवघड आहे. उभी राहिल्यावर ती क्षणभर थांबते, श्वास घेते, बार शांत होऊ देते, ही घाई न करणारी खेळाडू मला कायम जास्त भरवशाची वाटते. वर नेल्यावर दोन्ही पाय एका रेषेत आणायचे, स्थिर व्हायचं आणि खाली ठेवायचा इशारा येईपर्यंत थांबायचं. तीन रेफ्री असतात, प्रत्येकाचा एक दिवा, दोन पांढरे आले की लिफ्ट धरली. वर ज्युरी बसते, ती व्हिडिओ बघून निकाल फिरवू शकते, त्यामुळे दोन लाल दिसले की लगेच आडवी रेघ मारू नका, पेन वर धरा आणि थोडं थांबा.

आता पॅरिसच्या मॅचवर सराव करू, कारण हिशोब शिकायला यापेक्षा चांगली मॅच मला माहीत नाही. रुमानियाच्या मिहाएला काम्बेईचा स्नॅच ९३, हाउचा ८९. काम्बेईने क्लीन अँड जर्कमध्ये ११२ उचलले, टोटल २०५. आता हाउला किती पाहिजे? पटकन उत्तर येतं ११६, कारण ८९ आणि ११६ म्हणजे २०५. पण बरोबरी झाली तर ज्या खेळाडूने तो टोटल आधी गाठला ती पुढे, आणि काम्बेई आधीच पोचली होती. म्हणून ११७ च पाहिजे, एक किलोही कमी चालणार नाही, आणि तोही शेवटच्या प्रयत्नात. हाउने ते ११७ उचलले, ऑलिम्पिक रेकॉर्ड झाला, टोटल २०६, गोल्ड. क्रिकेटमध्ये टार्गेट माहीत असताना शेवटच्या ओव्हरला बॅटिंग करावी तसं हे आहे, जी शेवटी उचलते तिला नक्की किती पाहिजेत ते माहीत असतं, फक्त ते करून दाखवायला लागतं.

त्याच मॅचमध्ये खाली बघा. थायलंडच्या सुरोदचना खंबाओचे ८८ आणि ११२, टोटल २००. मीराबाईचे ८८, आणि क्लीन अँड जर्कमध्ये १११ एकदा गेले, दुसऱ्यांदा झाले, टोटल १९९. शेवटी ११४ लावले, झाले असते तर २०२ आणि ब्राँझ, ते गेले आणि चौथा नंबर आला. एक किलो. आता हे वर्ल्ड चॅम्पियनशिप २०२५ शेजारी ठेवा, नॉर्वेच्या फोर्दे गावात, ४८ किलोचा गट. मीराबाईचे ८७ दोनदा गेले, स्नॅच ८४ वरच थांबला, थायलंडची थान्याथोन सुकचारोएन ८८ वर, चार किलो पुढे. मग मीराबाईने १०९, ११२, ११५ असे तिन्ही उचलले, टोटल परत १९९. सुकचारोएनचा ११० धरून १९८. यावेळी तोच १९९ चा टोटल आणि तोच एक किलो सिल्व्हर देऊन गेला, गोल्ड उत्तर कोरियाच्या री सोंग गुमला २१३ वर. दोन्ही मॅचचे कागद शेजारी ठेवून बघा, १९९ हा आकडा स्वतःहून काहीच सांगत नाही, तो कोणासमोर आणि कोणत्या क्रमाने आला त्यावर सगळं असतं.

जुन्या मॅच बघणार असाल तर एक सावधगिरी. नियम बदललेत. सिडनीला २००० मध्ये बायकांचं वेटलिफ्टिंग ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आलं आणि कर्णम मल्लेश्वरीने ६९ किलोच्या गटात ११० अधिक १३०, टोटल २४० वर ब्राँझ आणलं, भारतीय बाईचं पहिलं ऑलिम्पिक मेडल. तेव्हा वजन अडीच किलोच्या टप्प्यांनी वाढायचं आणि बरोबरी झाली तर जिचं स्वतःचं वजन कमी ती पुढे. पहिल्या दोघींचा टोटल २४२.५ असा सारखाच होता आणि चीनच्या लिन वेनिंगला कमी वजनावर गोल्ड मिळालं. मल्लेश्वरीने शेवटी १३७.५ लावले होते, म्हणजे तिचा डाव थेट गोल्डवर होता. आजचे नियम डोक्यात ठेवून ती मॅच बघितली तर हे काहीच लागत नाही.

मीराबाईची मॅच नसेल तरी बघा असं मी आग्रहाने सांगेन. टोकियोचा ५५ किलोचा गट शोधा, फिलिपिन्सची हिदिलिन दियाझ आणि चीनची लियाओ चिउयुन, दोघींचा स्नॅच ९७, लियाओने १२६ उचलले, आणि दियाझने शेवटच्या प्रयत्नात १२७ लावून उचलले. तिच्या देशाचं आजवरचं पहिलं ऑलिम्पिक गोल्ड. बारवर त्या वेळी एका बाजूला दोन मोठ्या लाल आणि वर दोन्ही बाजूंच्या मिळून सात किलोच्या छोट्या, ओळखून बघा.

आणि आपल्या महाराष्ट्रातली मुलगी बघायची असेल तर वडगाव मावळची हर्षदा गरुड. मुंबईहून पुण्याला जाताना लोणावळा सोडलं की पुढे लागतं ते वडगाव. २०२२ मध्ये ग्रीसला हेराक्लिऑनमध्ये ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ४५ किलोच्या गटात तिने ७० अधिक ८३, टोटल १५३ उचलून गोल्ड जिंकलं, ज्युनियर वर्ल्डमध्ये भारताचं पहिलंच गोल्ड. सत्तर म्हणजे एका बाजूला एक लाल प्लेट, फक्त एक, आणि ती उचलणारीचं स्वतःचं वजन ४५ च्या आत. एक प्लेट बघून हलकं वाटतं ना, म्हणून प्रत्येक वेळी कागदावर वर कोपऱ्यात वजनगट लिहून ठेवा.

जिल्हा किंवा राज्य पातळीची स्पर्धा आपल्या आसपास असेल तर एकदा प्रत्यक्ष जाऊन बसा. टीव्हीवर बार पडल्याचा आवाज कापून येतो, हॉलमध्ये तो पायाखालून येतो. बाजूला बसून लोडर पोरं प्लेट कशी चढवतात ते बघा, रंग आपोआप पाठ होतात. आणि खेळाडू बारजवळ जाऊन हात ठेवते तेव्हा गप्प बसा, टाळ्या वाजवायच्या असतील तर आधी किंवा नंतर.

पुढच्या मॅचचा कागद बनवताना गट तपासून घ्या, कारण १ जून २०२५ पासून वजनगट बदलले, ४९ चा ४८ झाला, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला बायकांचा सगळ्यात हलका गट ५३ चा आहे. म्हणजे हलक्या मुलींना वजन वाढवून वरच्या गटात जावं लागणार, मीराबाईलाही, आणि तिथे आधीपासून बसलेल्या बायका मोठ्या आकड्याने सुरुवात करतात. आत्तापासून सगळ्यात हलका गट आणि ५३ चा गट, दोन्हीचे ए ग्रुप बघायला लागा आणि कागद जपून ठेवा, वर तारीख आणि गाव लिहून.